वजनाचा मुक्काम

पंचवटीत काळाराम मंदिराजवळ सीतागुंफा आहे. आत उतरायची वाट इतकी अरुंद आणि ठेंगणी, की सडपातळ माणसालाही वाकून, अंग चोरून, मध्येच चक्क बसून पुढं सरकावं लागतं. नाशकात पाहुणे आले की पंचवटीची फेरी ठरलेली. त्या फेरीत घरातलं एखादं माणूस गुंफेच्या बाहेरच थांबतं. सगळ्यांच्या पिशव्या, मोबाइल, लहान मुलाची पाण्याची बाटली सांभाळत म्हणतं, "तुम्ही या जाऊन. मी पाहिलीय लहानपणी."

या प्रकरणासाठी बाहेर थांबलेली अशीच एक ताई डोळ्यांसमोर आणू. ती कुणी एक विशिष्ट बाई नाही, पण तिचं गणित मात्र कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही तपासता येईल. वय ४२, राहणार सिडकोत, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ११८ किलो. शुगर पाच वर्षांपासून आहे, गुडघे दुखतात. रात्री इतकी घोरते की मध्येच श्वास अडकून दचकून उठते. दोन वेळच्या जेवणाचा प्रयोग, जिम, काढे, उकडलेल्या भाज्या असं सगळं मनापासून करून झालंय. दर वेळी दहा-बारा किलो उतरले आणि वर्षा-दीड वर्षात परत आले. आता डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक शस्त्रक्रियेचं सुचवलंय. महाराष्ट्रात हा शब्द बऱ्याच घरांत पोचला तो २०११ मध्ये, नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली त्या सुमारास. आज त्यासाठी नाशिक सोडून जावंच लागतं असंही नाही.

ताईचा पहिला प्रश्न असतो, "डॉक्टर, माझं वजन किती व्हायला पाहिजे?"

आणि तिच्यापुढं तीन आकडे येतात. भिंतीवरचा तक्ता ५७ म्हणतो. तिच्या मनात ६५ आहे, कारण लग्नात ती तेवढी होती आणि अल्बम अजून कपाटात आहे. सर्जन ८५ च्या आसपास म्हणतात. ८५ ऐकून तिचा चेहरा पडतो. एवढं पोट कापून घ्यायचं आणि तरी ८५?

माझ्या मते शस्त्रक्रियेइतकंच या क्षणाला महत्त्व आहे. इथं चुकीचा आकडा मनात बसला, तर शस्त्रक्रिया उत्तम होऊनही ताई पुढची दहा वर्षं स्वतःला नापास समजत राहील. म्हणून हे तीन आकडे कुठून आले, ते एकेक करून पाहायला हवं.

५७ पासून सुरू करू. "या उंचीला एवढं वजन" ही कल्पना दवाखान्यात नाही, विमा कंपनीत रुजली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन लाइफ इन्शुरन्स कंपनीत लुई डब्लिन हे संख्याशास्त्रज्ञ होते. पॉलिसी घेताना कुणाचं वजन किती होतं आणि पुढं कोण किती जगलं, याची नोंद कंपनीकडं होतीच. तिच्यावरून १९४२-४३ मध्ये उंचीनुसार 'आदर्श वजना'चे तक्ते निघाले. १९५९ आणि १९८३ मध्ये ते सुधारले गेले. त्यात अंगकाठीचे तीन प्रकार होते, लहान, मध्यम आणि मोठी. उंची बुटांसकट आणि वजन कपड्यांसकट धरलेलं होतं. ही सगळी माणसं अमेरिकेतली, विम्याचा हप्ता परवडणारी. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये वजन कमी करण्यासाठी जठराची बायपास शस्त्रक्रिया सुरू केली. पुढं या शाखेतल्या सर्जननी 'जादा वजन' मोजायला हेच तक्ते उचलले. मध्यम अंगकाठीच्या रकान्यातला मधला आकडा घ्यायचा, त्याच्या वरचं सगळं जादा. कधी तरी कुणी न्यूयॉर्कला पॉलिसी काढली, म्हणून सिडकोतल्या ताईच्या अंगावरचे अमुक किलो 'जादा' ठरले.

मग बीएमआय आला. किलोमधलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, हे सूत्र बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांचं, १८३२ च्या सुमाराचं. केटले मुळात खगोलशास्त्रज्ञ आणि गणिती. त्यांना एका रुग्णाचं निदान करायचं नव्हतं, समाजातला 'सरासरी माणूस' शोधायचा होता. त्याच सूत्राला १९७२ मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी बॉडी मास इंडेक्स हे नाव दिलं, तेही पाच देशांतल्या सुमारे ७,४०० पुरुषांची मापं घेऊन. समूहाचा अभ्यास करायला सोपं माप म्हणून त्यांनी ते पुढं केलं होतं. ते दवाखान्यातल्या एका बाईच्या फाइलवर लाल शाईनं लिहिलं जाईल, हे त्या मापाच्या जन्मात नव्हतं.

यातला भारतीय धडा थेट आपल्या शेजारून, पुण्याहून आला. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची होती. आपली बाळं सगळ्या मापांत लहान होती. स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, पण कातडीखालची चरबी मात्र तेवढी कमी नव्हती. दिसायला बारीक, आतून चरबीदार. २००४ च्या जानेवारीत 'द लॅन्सेट'मध्ये एक छायाचित्र छापून आलं. डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन शेजारी-शेजारी उभे, दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तक्त्यातला आकडा तोच, शरीरं दोन निराळी. युडकिन मॅरेथॉन धावतात, हाही त्या फरकाचा एक भाग. तरी मुद्दा राहतोच, की आपल्याकडं मधुमेह आणि हृदयविकार कमी वजनातच गाठतात. म्हणून भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये सीमा खाली आणली. बीएमआय २३ च्या पुढं जास्त वजन, २५ च्या पुढं लठ्ठपणा. १५८ सेंटिमीटर उंचीला २३ चे होतात साधारण ५७ किलो. ताईचा पहिला आकडा असा जन्मला.

इथं एक मोठी गफलत होते आणि ती शिकल्या-सवरलेल्या माणसांकडूनही होते. २३ ही चढणीवरची धोक्याची पाटी आहे. निरोगी माणूस वजन वाढवत वर जायला लागला, की कुठं जागं व्हायचं ते ती सांगते. ११८ पर्यंत चढून गेलेल्या शरीरानं उतरत उतरत पुन्हा त्याच पाटीपाशी यायला हवं, असं ती कुठंही सांगत नाही. कसारा घाटात धुक्याची पाटी लागली म्हणून कुणी ती गावाची वेस समजत नाही. आणि याज्ञिकांच्या कामाचा खरा अर्थ तर नेमका उलट आहे. वजनाकडं कमी पाहा, चरबी कुठं साठलीय ते पाहा. तो प्रश्न काट्याला नाही, शिंप्याच्या टेपला विचारायचा. भारतीय बायकांसाठी कमरेचा घेर ८० सेंटिमीटर आणि पुरुषांसाठी ९० ही सीमा आहे, आणि तो घेर कुठल्या दिशेनं सरकतोय हे वजनापेक्षा जास्त बोलकं असतं.

शस्त्रक्रिया कुणाला करावी याचेही नियम आहेत. १९९१ च्या अमेरिकी सहमतीत बीएमआय ४०, किंवा सोबत गंभीर आजार असतील तर ३५, असं म्हटलं होतं. आपल्या विमा नियामकानं २०१९ मध्ये मेडिक्लेमसाठी जवळपास तीच रेघ धरली. २०२२ मध्ये सर्जनच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी आशियाई लोकांसाठी ती २७.५ वर आणली. सुरुवात कुठून करायची हे या सगळ्या नियमांत आहे. थांबायचं कुठं, हे एकातही नाही.

आता ८५ कडं येऊ. या आकड्याला ताईनं सर्वात गंभीरपणे घ्यायला हवं, कारण तो कुणाच्या इच्छेतून आलेला नाही.

आपल्याकडं दोन शस्त्रक्रिया जास्त चालतात. स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे पाऊण ते ८० टक्के भाग काढून टाकतात आणि केळ्यासारखी एक नळी उरते. बायपासमध्ये जठराचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा करून तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. दोन्हींनंतर पहिल्या वर्षा-दीड वर्षात सुरुवातीच्या वजनाच्या साधारण २५ ते ३० टक्के वजन उतरतं. बायपासमध्ये थोडं जास्त. कुणाचं २० टक्क्यांवर थांबतं, कुणाचं ४० पर्यंत जातं. वय कमी असेल तर जास्त उतरतं आणि मधुमेह असेल तर बहुधा कमी. ताईच्या ११८ चे २५ ते ३० टक्के म्हणजे ३० ते ३५ किलो. ती ८३ ते ८८ च्या मध्ये कुठंतरी थांबेल. सर्जननी ८५ म्हटलं ते एवढ्यावरून.

हेच यश पूर्वी 'जादा वजनाच्या टक्क्यां'त मोजत आणि अजूनही पुष्कळ फायलींवर तसंच लिहितात. त्यातली अडचण पाहा. ताईचे ३३ किलो उतरले. बीएमआय २५ ला रेघ धरली तर ५९ टक्के जादा वजन गेलं. भारतीय २३ ला धरली तर तेच ३३ किलो ५४ टक्के होतात. बाई तीच, पोट तेच, गुण वेगळे. म्हणून ताईनं सर्जनना विचारायचंच असेल तर असं विचारावं, "माझ्या वयाच्या, माझ्याएवढ्या वजनाच्या, शुगर असलेल्या तुमच्या पेशंटचं एकूण वजन किती टक्के उतरलं? आणि पाच वर्षांनी किती राहिलं?" प्रश्नाचा दुसरा भाग विचारायला बहुतेक जण विसरतात.

शरीर ८५ ला का थांबतं? ताईची इच्छाशक्ती तिथं संपते म्हणून नव्हे. बीएमआयला नाव देणाऱ्या त्याच अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये मिनेसोटात एक प्रयोग केला होता. युद्धानंतर उपासमारीतून उठणाऱ्या लोकांना कसं सावरायचं ते समजावं, म्हणून ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहायचं कबूल केलं. त्यांचं वजन सुमारे चतुर्थांशानं उतरलं. शरीरानं खर्च आवरता घेतला. हातपाय गार पडले, नाडी मंदावली, दिवसभर डोक्यात फक्त अन्न. काही जण स्वयंपाकाची पुस्तकं गोळा करायला लागले. आणि पोटभर जेवण परत सुरू झाल्यावर अंगावर आधी चरबी चढली, तीही पूर्वीपेक्षा जास्त. ताईच्या दर डाएटनंतर वजन का परत आलं, त्याचं उत्तर त्या तरुणांच्या अंगावर लिहिलेलं आहे. तिचा आळस किंवा चोरून खाल्लेला चिवडा हे त्याचं उत्तर नव्हे.

शस्त्रक्रियेनंतरही वजन चतुर्थांशानं उतरतं, पण तशी वखवख होत नाही. हा फरक मला या सगळ्या विषयातला सर्वात विलक्षण वाटतो. जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भूक चेतवणारं संप्रेरक तयार होतं. जपानमध्ये १९९९ साली त्याचा शोध लागला. स्लीव्हमध्ये तोच भाग जातो. अन्न आतड्यात लवकर पोचलं की तृप्तीचा निरोप देणारी संप्रेरकं वाढतात, जीएलपी-१ त्यातलंच एक. मेंदूतला भुकेचा तराजू नव्या जागी स्थिरावतो. पण ती जागा शरीर ठरवतं, आपण नाही. वजन उतरतं तसा शरीराचा खर्चही उतरतो. ११८ किलोचं शरीर चालवायला जेवढी ऊर्जा लागत होती, तेवढी ८५ च्या शरीराला लागत नाही. जेवढं पोटात जातं आणि जेवढं खर्च होतं, ते एका ठिकाणी जुळतं. तिथं वजनाचा मुक्काम पडतो.

मार्च २०२५ पासून टिर्झेपॅटाइड आणि जूनपासून वजनासाठीचं सेमाग्लुटाइड ही इंजेक्शनं भारतात मिळू लागली. त्यांचं कामही याच संप्रेरकांच्या वाटेनं चालतं आणि त्यांच्याही पेशंटपुढं वजन कुठं थांबणार, हाच प्रश्न येतो.

उरला ६५, लग्नाच्या अल्बममधला. या आकड्याबद्दल मला हळुवार बोलायचं आहे, कारण त्यात नुसती हौस नसते. त्यात एक हरवलेली मुलगी असते आणि मधल्या काळात ऐकून घेतलेली बोलणी असतात. अमेरिकेत गॅरी फॉस्टर, थॉमस वॉडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ६० लठ्ठ बायकांना उपचाराआधी विचारलं, "स्वप्नातलं वजन किती? आनंद वाटेल असं किती? चालेल असं किती? आणि निराशा होईल असं किती?" त्यांचं सरासरी वजन ९९ किलो होतं आणि ध्येय त्याहून ३२ टक्के खाली. १७ किलो उतरले तर निराशाच, असं त्यांचं म्हणणं. ४८ आठवड्यांच्या उपचारानंतर सरासरी १६ किलो उतरले. त्या काळच्या आहार-व्यायामाच्या उपचाराला हा उत्तम निकाल होता, पण जवळजवळ निम्म्या बायका स्वतःच ठरवलेल्या निराशेच्या रेघेपर्यंतही पोचल्या नाहीत. शस्त्रक्रियेत जास्त उतरतं हे खरं. मात्र अपेक्षाही त्याच प्रमाणात वर जाते, कारण पोटावर टाके घेतलेले असतात आणि बरेचदा दागिने किंवा ठेव मोडून पैसे भरलेले असतात.

चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशी किलो म्हणजे ताईचा बीएमआय ३४. तक्त्यात ती अजूनही लठ्ठच. मग उपयोग काय झाला? याचं उत्तर स्वीडननं दिलं आहे. तिथं १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० जणांना आणि तसेच, पण शस्त्रक्रिया न केलेल्या २,०३७ जणांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. त्या काळातल्या शस्त्रक्रिया आजच्याहून कमी परिणामकारक होत्या. दोन वर्षांनी सरासरी २३ टक्के वजन कमी होतं, दहा वर्षांनी १७ टक्के. म्हणजे शस्त्रक्रिया झालेल्यांतले बरेचसे शेवटपर्यंत तक्त्यानुसार लठ्ठच राहिले. तरीही २००७ मध्ये लार्स शेस्ट्रॉम यांनी मांडलेल्या निष्कर्षांत त्यांचं मृत्यूचं प्रमाण वय, लिंग, इतर आजार धरून २९ टक्क्यांनी कमी आढळलं. जी माणसं कुठल्याच तक्त्याच्या 'आदर्श' रकान्यात कधी बसली नाहीत, ती जास्त जगली.

मधुमेहाची गोष्ट तर याहून पुढची. बायपासनंतर शुगर बरेचदा काही दिवसांतच उतरते, वजन अजून हललेलंही नसताना. अमेरिकेचे सर्जन वॉल्टर पोरीज यांनी १९९५ मध्ये हे मांडलं, तेव्हा शीर्षकातच आश्चर्य होतं, असं होईल असं कुणाला वाटलं असतं? पुण्यात डॉ. शशांक शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुलनेनं कमी बीएमआयच्या भारतीय मधुमेही रुग्णांवर बायपासचा अभ्यास केला, तो याच दिशेनं. ताईसाठी याचा अर्थ साधा आहे. तिच्या फाइलमधले साखरेचे कागद काट्याच्या आधी आनंदाची बातमी देऊ शकतात. फक्त त्या कागदांकडं 'निकाल' म्हणून पाहायची तयारी हवी.

कॅनडातले डॉ. योनी फ्रीडहॉफ आणि डॉ. आर्य शर्मा यांनी २०१० मध्ये 'बेस्ट वेट' अशी कल्पना मांडली. जी जीवनपद्धती आपल्याला खरोखर आवडेल आणि पेलेल, तिच्यात राहून जे वजन टिकतं ते आपलं उत्तम वजन. वाचताना मला चरकसंहिता आठवली. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात अतिस्थूल माणसाचं वर्णन आहे. तिथं मण-शेराचा कुठलाच आकडा नाही. चालताना हलणारं पोट, नितंब, छाती. आणि जेवढं शरीर वाढलं, तेवढा उत्साह वाढला नाही, हे लक्षण. अंगाच्या मानानं उत्साह किती, हा प्रश्न मला बीएमआयपेक्षा शहाणा वाटतो. तो विचारला की ताईकडं सांगायला पुष्कळ असतं.

म्हणून शस्त्रक्रियेआधी ताईनं एक वही घ्यावी आणि वजनाचा आकडा न लिहिता, काय काय करता यायला हवं ते लिहावं. पंगतीत मांडी घालून बसता यावं. उकिडवं बसून उठताना भिंत धरायला लागू नये. चपलेचा पट्टा मुलीला बोलावून लावून घ्यावा लागू नये. पंचवटी एक्सप्रेसमध्ये शेजारचा माणूस सरकला नाही तरी आपण अवघडून बसू नये. पांडवलेणी न थांबता चढता यावी, निदान दोनदाच थांबून. रात्री श्वास अडकून जाग येऊ नये. शुगरच्या गोळ्या सुटाव्यात, नाहीतर निम्म्या व्हाव्यात. यातली कुठलीच गोष्ट ५७ किलोची वाट पाहत नाही. गुडघ्याचंच घ्या. एक किलो वजन उतरलं की चालताना गुडघ्यावरचा भार प्रत्येक पावलाला सुमारे चार किलोंनी कमी होतो. तीस किलो उतरले की दर पावलाला एकशेवीस किलोंचं ओझं उतरलं. सिडकोपासून भाजीबाजारापर्यंत अशी किती पावलं पडतात, ते ताईलाच माहीत.

खालची सीमाही वहीत लिहायला हवी आणि हे घरच्यांनीही ऐकावं. उतरणाऱ्या वजनातला पाचवा-चौथा हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा असतो. प्रथिनं कमी पडली तर तो वाढतो. रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिनं लागतात आणि नव्या पोटात एका वेळी चार-पाच घास मावतात. वाटीभर वरणात पाच-सहा ग्रॅम, अंड्यात सहा, पेलाभर दुधात सहा-सात. उपास-तापास पाळणाऱ्या शाकाहारी घरात ही बेरीज रोज नेटानं करावी लागते. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतात, हे एकादशीला आठवावं. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात, घाबरायला होतं, पण बहुतेकींचे परत येतात. बी-१२, लोह, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम हे जन्मभराचं. आई व्हायचं असेल तर साधारण दीड वर्ष थांबायचं. आणि ८५ वर वजन ठरलेलं असताना ताई ६५ च्या मागं लागून अर्धपोटी राहायला लागली, तर तिथून पुढं जे उतरेल त्यात स्नायू जास्त असतील. चढायला सुरुवात झाली की मात्र चरबीच आधी येईल. मिनेसोटाच्या तरुणांना विचारा.

पोटावरची, दंडावरची लोंबती कातडी हे आणखी एक दुःख. ते आधीच सांगायला हवं, कारण त्याबद्दल कुणी बोलत नाही. ताणलेली कातडी व्यायामानं आवळत नाही. काही किलो ती नुसती कातडीच असते. काटा तीही मोजतो आणि ताईला वाटतं, अजून चरबी आहे.

वजनाचा प्रवासही सरळ रेषेत होत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ते अडतं आणि फोन येतो, "डॉक्टर, बंद पडलं का?" मग पुन्हा सुटतं. अठरा ते चोवीस महिन्यांत तळ गाठतं. तळ म्हणजे मुक्काम नव्हे. तिथून बहुतेकांचं वजन काही किलोंनी वर येतं आणि मग ठरतं. स्वीडनचे आकडे तेच दाखवतात. बायपास झालेल्यांचं वजन सर्वात खाली असताना ३२ टक्के कमी होतं, दहाव्या वर्षी २५ टक्के. ताईनं ८१ पाहिलं आणि नंतर ८६ वर आली, तर ती हरलेली नाही. तिचं शरीर त्याच्या घरी आलं. शंभरकडं चालायला लागलं तर मात्र लाज न बाळगता लगेच दवाखान्यात जायचं, कारण त्यावरही उपचार आहेत.

ताईचं ध्येय ठरवताना खोलीत तिच्याखेरीज आणखी कुणी बोलत असतं. कधी सासूबाई, "आता मोठ्या मुलीचं लग्न येईल, फोटो निघतील." कधी यजमान, "एवढा खर्च करतोय तर साठपर्यंत यायलाच पाहिजे." कधी काळजीनं व्याकूळ झालेली आई, "फार बारीक होऊ नकोस गं." डॉक्टरांनी अशा वेळी आधी ताईशी एकटीशी बोलावं, असं मला कळकळीनं वाटतं. दहा मिनिटं पुरतात. बाहेर बसलेल्या माणसांसमोर ती वहीतलं पहिलं वाक्य कधीच वाचून दाखवणार नाही. ते वाक्य बरेचदा वजनाबद्दल नसतंच.

दीड वर्षानं वही पुन्हा उघडायची. काटा ८६ दाखवतोय. तक्त्यात अजून लाल रकाना. कमरेचा घेर वीत-दीड वीत आत आलाय, शुगरच्या तीन गोळ्यांची एक झालीय, रात्रीचा श्वास मोकळा आहे. वहीतल्या सात ओळींपैकी पाचांवर आडवी रेघ आहे. पांडवलेणीच्या ओळीपुढं ताईनं लिहिलंय, 'एकदा थांबले.' आठवी ओळ तिनं मागाहून, बारीक अक्षरात लिहिली होती. ८६ किलोंना त्या वाटेनं उतरता येतं की नाही, हे काट्यावर उभं राहून कळत नाही. श्रावणात नणंद येईल, तेव्हा पंचवटीला गेल्यावर पिशव्या कुणाकडं द्यायच्या, एवढंच ठरवायचं राहिलंय.